रिंतेनची घसरती जीभ

आमच्या बेटावर, क्लुंगकुंगच्या बाजारात, नेंगाह रिंतेनच्या टोपलीतला लावार ऊन चढायच्या आत संपायचा. तिची बडबड मात्र टोपली डोक्यावर चढली तरी संपायची नाही. खोबरं, मिरच्या आणि बारीक चिरलेलं डुकराचं मांस हाताने कालवून लावार करता करता ती येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत असे.

"अहो मीठवाले! तोंड असं का? बायको माहेरी गेली, की दाढ दुखते?"

"दोन्ही."

"मग तिखट जरा वर टाकते. एक तरी दुखणं विसराल!"

लोक लावारासाठी येत हे खरं, पण निम्मे लोक तिची जीभ घसरायची वाट बघत उभे असत. ती घसरणार हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं.

आमची भाषा जिन्यासारखी आहे. राजा आरोगतो, शेजारी जेवतो, आपण खातो, कुत्रं गिळतं. दुसऱ्याबद्दल बोलताना पायरी चढायची, स्वतःबद्दल बोलताना उतरायची. शेंबडं पोरही हे चढणं-उतरणं न अडखळता करतं. रिंतेनला तेवढंच जमत नसे. एकदा देवळाचे पुरोहित पानात लावार बांधून घेताना मायेने म्हणाले, "काय गं, सकाळपासून काही खाल्लंस का?"

"हो तर," रिंतेन हात जोडून अदबीने म्हणाली, "मी आत्ताच आरोगले. आपण गिळलंत का?"

पुरोहितांच्या हातातलं पान खाली पडलं. शेजारी पानसुपारी विकणारी केतुत सांगी हसून हसून आपल्याच टोपलीत बसली. त्या दिवसापासून रिंतेनचं नाव पडलं 'राणीसाहेब'.

"राणीसाहेब, आज काय दरानं?"

"तुझ्या तोंडाकडे बघून दुप्पट!"

ती हसण्यावारी नेई. पण हे वाकडेपण आलं कुठून, हे सांगीशिवाय फारसं कुणाला माहीत नव्हतं. रिंतेनची आई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होती. पोर तिथेच चुलीमागे वाढली. तिथे दिवसभर बोलणं चाले ते एकाच माणसाबद्दल: महाराज उठले का, महाराज काय आरोगणार, महाराजांचं आरोगून झालं का. पोरीला वाटलं, खाण्याला हाच शब्द. मग समुद्रावरून डच आले, तोफा घेऊन. एका सकाळी आईने तिच्या हातात भाताचं मडकं दिलं. "मावशीकडे जा. मी आलेच." आईने पांढरं नेसलं होतं. पोरीला ते फार आवडलं, सणाचं वाटलं. त्या दिवशी राजा दारातून बाहेर पडला, मागून राण्या, मुलं, सरदार, चाकर, सगळे पांढऱ्यात, हातात कट्यारी. समोर बंदुका होत्या. कुणीही मागे फिरलं नाही.

राजवाडा गेला. मोठा दरवाजा तेवढा उरला, मागे काही नसलेला नुसता दरवाजा. रिंतेन मावशीकडे पोचली, मडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, मी आरोगू?" मावशीने आधी थोबाडीत दिली आणि मग पोटाशी धरून खूप रडली. तेव्हापासून त्या पोरीची जीभ जिन्यावर घसरते ती घसरतेच.

ती मोठी झाली. लग्न एका माडावर चढणाऱ्या ताडीवाल्याशी झालं. तो भला माणूस होता, बोलायचा फारसा नाही. "घरात एकच जीभ पुरे," असं त्याचं मत. रोज सकाळी बाजाराला जाताना ती त्या दरवाजावरून जाई आणि उगाच टोपली एका हातावरून दुसऱ्या हातावर घेई. बाजारातले म्हातारे राजाचा विषय निघाला की आवाज खाली आणून वरचा शब्द वापरत: महाराज देवलोकी पधारले. आणि तिच्या आईबद्दल? "तुझी आई ना? तीही मेली बिचारी त्यात."

मेली. रिंतेन तेव्हा कधीच काही बोलत नसे, आणि ती बोलत नाही म्हणजे किती लागलं असेल, हे सांगीला कळे.

तिला खरं वेड होतं ते आर्जाचं. आर्जा म्हणजे आमचं गाण्याबोलण्याचं नाटक. तेगेग गुरुजींच्या मंडळात ती राजकन्येची दासी व्हायची; सांगीही त्याच मंडळात होती. लोक टाळ्या द्यायचे. पण तिचा डोळा होता पनासारवर. पनासार म्हणजे राजाचा जुना चाकर, मिशाळ, पोट सुटलेला, बढाईखोर विदूषक. राजा जुन्या, जड भाषेत गातो. ते कुणाला कळतं? पनासार ते लोकांना सांगतो, म्हणून नाटक चालतं. वायान रापेत गेली कैक वर्षं पनासार करत होता आणि रिंतेन पडद्यामागे उभी राहून त्याच्याबरोबर ओठ हलवत होती.

"माझे शब्द चाटून खातेस की काय गं?" रापेत विचारायचा.

"आरोगते, आरोगते!"

त्या वर्षी देवळाच्या जत्रेला आठवडा उरला असताना तालीम चालू होती, आणि वस्तीच्या मंडपात पुंगावा आले. पुंगावा म्हणजे डचांनी नेमलेला इलाख्याचा सरदार. घराणं जुनं, नोकरी नवी. हातात चंदनी पंखा. सगळे खाली बसले.

"जत्रेला डचांचे कंट्रोलर साहेब येणार आहेत," पुंगावा म्हणाले. "गोष्ट कुठली लावताय?"

"एका जुन्या राज्याची, सरकार," तेगेग गुरुजी म्हणाले. "शत्रू चालून येतो."

"कुठून?"

"समुद्रावरून."

"समुद्रावरून कशाला? डोंगरावरून येऊ दे."

"डोंगरावर देव राहतात, सरकार. तिथून शत्रू कसा उतरवू?"

पंखा जरा थांबला. "बरं. शेवटी राजा काय करतो?"

गुरुजींनी ढोलावर बोटं फिरवली. "पांढरं नेसून दारातून बाहेर जातो."

पुंगावांनी पंखा मिटला.

"मग पनासारने सांगायचं, राजा मेला," पुंगावा भरभर म्हणाले. "साधा शब्द. वरचा शब्द नको. साहेब आपली भाषा शिकलेत. पलीकडच्या गावात कुणाची तरी जीभ उंच गेली, तर ढोल-बासऱ्या सगळ्या कुलपात पडल्या. उंदरांनी ढोलाचं कातडं खाल्लं. तुमच्या ढोलाचं तसं व्हावं असं मला वाटत नाही."

"नाटकातलाच राजा आहे ना, सरकार?" रिंतेन मागून म्हणाली. "मग वरच्या शब्दाला कशाला भ्यायचं?"

"आणि नाटकातलाच असेल तर साध्या शब्दाला कशाला भ्यायचं?" पुंगावा म्हणाले आणि निघून गेले. जाताना ते कुणाच्याही डोळ्यांकडे बघत नव्हते.

ते दिसेनासे होताच रापेतने डोक्याचा पनासारचा रुमाल सोडून गुरुजींपुढे ठेवला. "मी नाही करत."

"अरे, आठवडा उरलाय!"

"वरचा शब्द काढला तर साहेब धरणार. खालचा काढला तर वर गेलेले धरणार. साहेबाची निदान बदली होते. मेलेल्यांची कुठे बदली होते? माझ्या घशाला सूज आली बघा. आत्ताच आली."

"घसा तर ठणठणीत वाजतोय तुझा!"

"बाहेरून वाजतोय. सूज आत आहे."

तेवढ्यात रिंतेन उठली. तिचे कान लालबुंद झाले होते. "गुरुजी, मला द्या."

सांगीने तिचा पदर ओढला. "बस खाली. बाई कधी पनासार झालीय?"

"बाई राजा होतेय ना आपल्या मंडळात? मग राजाचा चाकर व्हायला काय झालं? मिशी काजळाने काढता येते."

"मिशीचं नाही गं," गुरुजी म्हणाले. "पनासार जिन्यावर धावत वर-खाली करतो. तू तर पहिल्याच पायरीला पडतेस."

"म्हणूनच तर!" रिंतेन जवळजवळ ओरडलीच. "माझी जीभ घसरते, हे कुत्र्यालाही ठाऊक आहे. रापेतदादाने शब्द चुकवला तर तो गुन्हा. मी चुकवला तर रोजचंच! घसरलेल्या जिभेला कुणी कुलूप लावतं का?"

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू निघालं आणि ते थांबेचना. रापेतने आपल्या रुमालाकडे पाहिलं, उचलला, आणि रिंतेनच्या हातात दिला. "घाण करू नकोस."

"आणि काय बोलशील?" गुरुजींनी डोळे पुसत विचारलं. "शेवटी, कोणता शब्द?"

"ते मलाही ठाऊक नाही," रिंतेन म्हणाली, आणि ते खरं होतं. "पण गुरुजी, ढोल कुलपात गेला तर मी पुन्हा मंडपात पाय ठेवणार नाही. दासीसुद्धा होणार नाही."

सगळ्यांनी ऐकलं. पैज लागली ती अशी.

साहेबाला लवकर झोप येते म्हणून जत्रेच्या दिवशी खेळ दिवेलागणीलाच सुरू झाला. माणूस इतका लोटला होता की पोरं फणसाच्या झाडावर लटकली होती. भाजलेल्या मांसाचा धूर, उदबत्त्यांचा धूर, आणि मधोमध खुर्चीवर घामाघूम झालेला तांबडा साहेब. त्याला शिकवणाऱ्याने वरचीच भाषा तेवढी शिकवली होती, त्यामुळे तो जगात सगळ्यांशी एकाच पायरीवरून बोलायचा. रंगणात एक खरजुलं कुत्रं येऊन बसलं तेव्हा तो वाकून म्हणाला, "आपण कृपा करून जरा बाजूला पधारावं."

कुत्रं पधारलं नाही. लोकांनी तोंडं दाबली.

पडद्यामागे रिंतेन रापेतचा रुमाल डोक्याला बांधत होती. मिशी काढून झाली होती, पोटावर उशी बांधून झाली होती. सांगी पनासारचा जोडीदार, धाकटा चाकर झाली होती.

"माझे पाय हलताहेत गं."

"हलू दे. पडदा हलवायला तेच लागतात."

बासरी वर गेली. ढोल बोलला. रिंतेनने पडद्याआडून गायला सुरुवात केली, जाड्या, बढाईखोर, पुरुषी आवाजात. तिने पडदा थरथरवला. थांबवला. पुन्हा थरथरवला. आधी एक पाऊल बाहेर काढलं आणि त्याचा अंगठा असा काही नाचवला की फणसावरचं पोर ओरडलं, "अगं, ही तर लावारवाली!"

पडदा उघडला आणि हशा फुटला.

"कोण म्हणालं लावारवाली?" पनासार मिशीवर ताव देत गरजला. "मी राजाचा खासा चाकर! माझ्यावाचून राजाला झोप येत नाही. धाकट्या, ए धाकट्या!"

"काय दादा?"

"राजे कुठे आहेत?"

"महालात आरोगताहेत, दादा."

"आणि तू?"

"मी खातोय."

"आणि हा?" पनासारने कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"हा गिळतोय."

"चुप! मघाशी साहेबांनी याला पधारा म्हटलंय. हा आपल्याहून मोठा दरबारी आहे. मुजरा कर!"

दोघींनी कुत्र्याला लवून मुजरा केला. लोक एकमेकांच्या अंगावर कोसळले. साहेबही हसला, सगळ्यांच्या मागून, पण मनापासून. पुंगावांचा पंखा भराभर हलत होता. रिंतेनला ते सगळं एकदमच दिसत होतं: पंखा, साहेबाचा घाम, चौथ्या रांगेत मांडी ठोकून बसलेला रापेत, त्याचे हलणारे ओठ. आज तो तिच्याबरोबर ओठ हलवत होता! तिच्या अंगात वारं शिरलं. ती जिन्यावर वर धावली, खाली धावली, चार वेळा पडली, आणि प्रत्येक पडण्याला टाळी घेतली.

राजा आला. उंच मुलगी होती, आवाज पाण्यासारखा. समुद्रावर जहाजं दिसली. राजाने जुन्या भाषेत गायलं आणि पनासारने सांगितलं, "राजे म्हणतात, जहाजं मोजू नका, आपली माणसं मोजा." राजाने पांढरं नेसलं. छत्री उघडली. रंगणाच्या टोकाला दोन बांबू उभे होते, तो दरवाजा. राजा त्यातून हळूहळू गेला आणि ढोल थांबला.

आता पनासारची पाळी.

पंखा हलायचा थांबला होता. गुरुजींनी दोन्ही हात ढोलावर पसरून ठेवले होते, जसं काही कुणी तो आत्ता उचलून नेणार होतं. रिंतेनने तोंड उघडलं आणि तिला कळलं की तिच्याकडे राजासाठी शब्दच नाही. खालचा निघेना. वरचा काढता येईना. तिला दोन बांबू दिसत होते, आणि त्या बांबूंमध्ये पांढरं नेसलेली एक बाई. मी आलेच.

"राजे चालत गेले," ती म्हणाली. "दारातून चालत गेले. एवढंच मी पाहिलं." आणि मग सवयीने, वाकून, हात जोडून, घसरली. "आणि त्यांच्या मागून छत्रीवाला गेला. तो देवलोकी पधारला."

 मग कुणीतरी खिदळलं. "घसरली! राणीसाहेब घसरली!" आणि हशाची लाट उठली. छत्रीवाला, आणि पधारला!

"त्याच्या मागून पाणक्या गेला," रिंतेन म्हणाली. "तोही देवलोकी पधारला."

हशा झाला, पण पहिल्याहून कमी.

"त्याच्या मागून मुदपाकखान्यातली बाई गेली. हाताला हळदीचा वास होता तिच्या. ती देवलोकी पधारली."

आता फक्त पोरं हसत होती. सांगीला घाम फुटला. हे तालमीत नव्हतं. पण धाकटा चाकर गप्प बसला तर खेळ मरतो, हे तिला ठाऊक होतं. ती कंबरेवर हात ठेवून पुढे आली.

"दादा, चुकलास! मूर्खा, राजा पधारतो. स्वयंपाकीण मरते!"

"असं?" पनासार तिच्याकडे वळला. "मग मला एक सांग. राजा कुठल्या दारातून गेला?"

"या मोठ्या दारातून."

"आणि ती?"

"ती... मागोमाग."

"तिच्यासाठी वेगळं दार होतं का? चाकरांचं, मागच्या अंगाचं?"

सांगीने दोन बांबूंकडे पाहिलं. तिचा आवाज खेळातला राहिला नाही. "नाही, दादा. एकच दार होतं."

"मग दार एक आणि शब्द दोन, हे कसं? माझ्या जाड डोक्याला कळत नाही. मी चुकतो, मला चुकू दे!"

आणि तेव्हा मागच्या अंगाला एक म्हातारी उठली. काठीवर रेलून ती ओरडली, "माझा नवरा! भाला धरायचा!"

रिंतेन तिच्याकडे वळली. मग तिने मिशीवर ताव दिला. "तेही पधारले, आजी!"

"आमचा थोरला काका! पालखीला खांदा द्यायचा!"

"पधारला!"

"माझी बहीण! राणीच्या केसांत फुलं माळायची!"

"पधारली!"

माणसं उठून उभी राहत होती. फणसावरची पोरं खाली उतरली होती. नावांवर नावं येत होती आणि प्रत्येक नावावर रिंतेन घसरत होती. गुरुजींचे हात ढोलावर कधी पडले ते त्यांनाही कळलं नाही, पण आता प्रत्येक नावाला एक थाप पडत होती. रिंतेनची मिशी घामाने वाहून हनुवटीवर आली होती.

साहेबाने पुंगावांच्या कानाशी वाकून, आपल्या त्या एकाच पायरीवरून विचारलं, "या वृद्ध सेवकांच्या बोलण्यात चूक होत आहे ना?"

रिंतेनने ते ऐकलं. गुरुजींनी ऐकलं. थाप अर्ध्यात राहिली.

पुंगावा रंगणाकडेच बघत होते. त्यांचे वडील त्या दिवशी कुठे होते, हे क्लुंगकुंगमध्ये कुणी विचारत नसे. मिटलेला पंखा त्यांनी उघडला.

"चूकच आहे, साहेब," ते म्हणाले. "बाजारातली बाई. हिची जीभ घसरते, सगळ्यांना ठाऊक आहे."

"फार विनोदी!" साहेब म्हणाला आणि मोठ्याने हसला. त्या सगळ्या गर्दीत एकटाच.

पडदा पडला तेव्हा सांगीने रिंतेनला मिठी मारली आणि दोघींच्या पोटावरच्या उशा एकमेकींवर आपटल्या. "ढोल राहिला गं! ढोल राहिला!" रापेत आत आला. रिंतेनने रुमाल सोडून त्याच्यापुढे धरला.

"आता तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "घाण केलास ना!" आणि मग घसा खाकरून, "माझी आत्या राजवाड्यात झाडलोट करायची. मला वेळेवर ओरडता आलं नाही. घशाला सूज होती."

"दादा," रिंतेन म्हणाली, "त्या पधारल्या."

त्यानंतर दात पडेपर्यंत पनासार तिचाच राहिला. म्हातारपणी राजा कोण झालं, राजकन्या कोण झाली, याची तिला शुद्ध नसे; मिशी मात्र स्वतःच्या हाताने काढायची. पण हे सगळं पुढचं. जत्रेच्या दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी त्या दरवाजावरून बाजारात गेली, आणि टोपली या हातावरून त्या हातावर घ्यायची विसरली.

टोपली उतरवते तोच समोर तीन अनोळखी माणसं उभी. पायांवर लांबच्या रस्त्याची धूळ.

"राणीसाहेब तुम्हीच ना?"

"लावार संपायचाय अजून. किती देऊ?"

"लावार नको," त्यांतला म्हातारा म्हणाला. "रात्रीच तुमच्या खेळाची बातमी पोचली, रातोरात चालत आलो. आमच्या गावी जत्रा आहे. तुमचं मंडळ पाहिजे. आणि ती चूक पाहिजे. तिच्यावाचून बोलावणं नाही."

सांगी पानाला चुना लावायची थांबली.

रिंतेनने मसाल्याचे हात पुसले. तिचे कान पुन्हा लाल झाले होते. "तुमच्याकडचं कोण होतं?"

"माझा भाऊ," म्हातारा म्हणाला. "राजाच्या घोड्यांना चारा घालायचा."

"नाव?"

त्याने सांगितलं. कित्येक वर्षांत ते कुणी मोठ्याने उच्चारलं नसावं, कारण पहिल्यांदा त्याच्या ओठांतून ते नीट निघालंच नाही. रिंतेनने ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग एकदा स्वतः म्हणून पाहिलं, जिभेवर नीट बसतंय ना हे बघायला.

"बसा," ती म्हणाली आणि केळीचं पान पसरलं. "लांबून आलात. आधी आरोगा."